मोठीचे मागचे पाय

काटेमामांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांना लांबून ओळखणारे म्हणायचे. जवळच्यांना ठाऊक होतं की कारण लागतं. फक्त ते जगाच्या पाठीवर कुठंही असलं तरी चालतं. दोन गल्ल्या पलीकडचा नळ ठिबकतोय असं कुणी सहज बोलून गेलं, की मामा इकडे हातातला चिमटा आपटणार. एकदा एका गिऱ्हाइकानं दुरुस्त झालेली अंगठी दातांत धरून पाहिली. मामांनी ती काढून घेतली, फडक्यानं पुसली आणि म्हणाले, "भूक लागली असेल तर कोपऱ्यावर खानावळ आहे. इथं सांधकाम होतं."

मामा दागिन्यांचे कारागीर. दुकानदार नव्हेत, हा फरक ते न विचारता समजावून सांगत. तुटलेली साखळी सांधायची, हलणारा खडा बसवायचा, हरवलेल्या कानातल्याची जुळी बहीण वाटावी असं दुसरं करून द्यायचं. चार मजली इमारतीच्या जिन्याखाली त्यांची कामाची खोली, घर वरच्या मजल्यावर. खिडकी नाही, एकच दार. आत गुडघाभर उंचीचं टेबल, त्याच्या खाली चामड्याची झोळी बांधलेली, म्हणजे कानशीनं घासताना उडालेली धूळसुद्धा वाया जाऊ नये. एक दिवा, एक फुंकणी, चिमट्यांची रांग, आणि काचेच्या पेटीतला सोनं तोलायचा काटा. अलीकडे तळहाताएवढा विजेवरचा काटाही आला होता, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. माणसं बोलतात ते अर्धं खोटं असतं, असं मामांचं ठाम मत. "माझा काटा मात्र बोलला की बोलला," म्हणायचे. त्यावरूनच लोक त्यांना काटेमामा म्हणू लागले. टोचतात म्हणूनही म्हणत असतील, पण ते त्यांच्या तोंडावर कोण सांगणार?

तर या माणसाच्या घरात खारीची पिलं आली ती भांडणातूनच आली.

समोरच्या झाडाच्या फांद्या तारांना लागत होत्या. एका सकाळी करवतवाले आले. मामा दारात उभे. "आधी वर बघा, घरटं आहे का." मुकादम म्हणाला, "काका, झाड म्हटल्यावर घरटं असणारच." झालं. मामांना एवढंच पुरे होतं. "म्हणजे आहे हे माहीत असून कापतोस? उद्या तुझं घर पाडायला आले आणि म्हणाले, घर म्हटल्यावर माणसं असणारच, तर?" तोवर फांदी खाली आली होती. तिच्याबरोबर सुतळी, कापूस, सुकलेलं गवत असा एक गोळा फरशीवर फुटला आणि त्यातून तीन पिलं घरंगळली. डोळे मिटलेले, बोटाएवढी, पाठीवर पट्टे उमटू लागलेले. आई फांदीखाली चिरडून पडली होती.

मामांनी मग जो तोंडाचा पट्टा सोडला, तो त्या गल्लीत अजून सांगतात. मुकादमापासून सुरुवात करून ते करवत बनवणाऱ्यापर्यंत गेले, तारा टाकणाऱ्यांपर्यंत गेले. अर्धा तास. करवतवाले करवत बंद करून ऐकत उभे होते. एक जण तर बसून घेऊन ऐकत होता.

तेवढ्या वेळात पिलं उचलून नेली ती चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी. बाई शाळेत पहिलीच्या वर्गावर छत्तीस वर्षं होत्या. निवृत्त झाल्या तरी जगातलं प्रत्येक माणूस त्यांना पहिलीतलंच वाटायचं. त्यांनी पिलं घरी नेली, गाईचं दूध कोमट केलं आणि सर्वांत लहान पिलाला बाळासारखं उताणं धरून चमच्यानं पाजलं. मामा भांडून दमून वर पोचले, तेव्हा त्या पिलाच्या नाकातून दुधाचा बुडबुडा येत होता.

"अहो बाई! हे काय?"

"भुकेलं होतं बिचारं."

"भुकेलं होतं की नाही ते मी बघतो. द्या इकडे."

गल्लीच्या टोकाला जनावरांचा दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिनं आधी पिलांच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "अंगात पाणी नाही," ती म्हणाली. मग तळव्यावर धरून, "आणि गार पडलीयत. गार पिलाला पाजायचं नसतं मामा. पोटात दूध तसंच राहतं, आंबतं. आधी ऊब, मग साखरमिठाचं पाणी, त्यानंतर दूध. आणि गाईचं तर नकोच." दूध पाजलेल्या पिलाला तिनं मामांच्या कानाशी नेलं. "ऐका."

मामांनी ऐकलं. ओला कागद कुणीतरी मुठीत चुरगळतंय, असा आवाज होता.

"दूध फुप्फुसात गेलंय. औषध देते. आशा धरू नका."

तिसऱ्या दिवशी ते पिलू गेलं. मामांनी ते रुमालात गुंडाळलं, कापलेल्या झाडाच्या बुंध्याशी पुरलं, आणि हात न धुता जिन्यात उभं राहून वर तोंड करून ओरडले, "बाई! तुम्ही मारलंत त्याला! दूध पाजून मारलंत!" चौथ्या मजल्यावरचं दार उघडलं, बाईंचा चेहरा दिसला न दिसला, आणि दार बंद झालं. त्यानंतर दोन महिने बाई आणि मामा एकमेकांशी बोलले नाहीत. मामी तेवढ्या चोरून वर जाऊन बसायच्या.

उरलेल्या दोन पिलांना मामा काय वाढवत होते म्हणता! हाराच्या जुन्या डब्यात सुती सदऱ्याची घडी, अर्ध्या डब्याखाली गरम पाण्याची बाटली, म्हणजे उकडलं तर पिलू सरकून गार बाजूला जाईल. सुई काढलेल्या सिरिंजनं दूध. पिलू पालथं, डोकं जरासं वर, टोकाशी एकच थेंब, आणि तो चाटून झाला की पुढचा. डॉक्टरीणबाई म्हणाली, असा हात तिनं पाहिला नाही. दिसणार कसा? मोहरीएवढ्या कडीला सांधा देणारा हात तो.

पण दूध पाजून झाल्यावर ओल्या कापसानं पिलांना खालून पुसावं लागतं, त्याशिवाय त्यांना लघवी होत नाही, हे ऐकल्यावर मामांचा पारा चढला. "साठ वर्षं अब्रूनं काढली मी! आता खारीची मुतारी सांभाळू?"

"मग मी करते," मामी म्हणाल्या.

"तुझा हात जड आहे," म्हणून मामांनी कापूस हिसकावून घेतला, आणि पुढचे चार आठवडे दिवसातून सात वेळा, तोंडानं अखंड कुरकुर चालू ठेवून, ते काम इतक्या नाजूकपणे केलं की मामींना पदर तोंडाला लावून हसावं लागे.

आणि वजन! रोज सकाळ-संध्याकाळ पिलं काट्यावर. मोठी सोळा ग्रॅम, धाकटी साडेचौदा. मामांनी वहीच घातली. एके दिवशी मोठीचं वजन अर्ध्या ग्रॅमनं कमी भरलं तर त्यांनी सिरिंजभर दूध जास्त पाजलं. संध्याकाळी तिचं पोट ढोलकीसारखं ताणलं आणि कोमट पाण्यात धरून हलकेच चोळत बसावं लागलं. डॉक्टरीणबाईनं फोनवर झापलं. मामांनी ऐकून घेतलं, पण मनात म्हणाले, काटा कमी दाखवत होता त्याचं काय?

पिलांचे डोळे उघडले. शेपट्या फुलल्या. गिऱ्हाईक यायचं तेव्हा एक मामांच्या कॉलरमध्ये आणि एक फुंकणीवर बसलेली असायची. एक बाई कानातल्याची फिरकी बदलायला आल्या, तर काट्याच्या ताटलीत मोठी. "अहो, माझं कानातलं कुठाय?" "थांबा," मामा म्हणाले, "आधी तिचं चाललंय."

दात आले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली होती, "आता पाला, भाज्या, फळं. दाणे चवीपुरते. आणि दूध एकदम तोडू नका." मामांनी हे ऐकलं. मग स्वतःच्या पद्धतीनं तपासून पाहिलं. काकडीची फोड दिली त्या दिवशी वजन अर्धा ग्रॅम वाढलं. पाला दिला, काहीच नाही. शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया दिल्या, तर अडीच ग्रॅम! दुसऱ्या दिवशीही अडीच. मामांनी वही मामींपुढे धरली. "बघ. डॉक्टरीण पुस्तकातलं सांगते. हा काटा सांगतो." त्या दिवसापासून पाला बंद, काकडी बंद, दूध बंद. दाणे. हवे तितके दाणे, वर बदाम. पिलांनाही तेच हवं होतं. बदाम दिसला की पाल्याकडे कोण बघतं? मोठी चौऱ्याऐंशी ग्रॅमची झाली. मामा जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून आकडा सांगायचे, जसा काही नातवाचा निकाल लागलाय.

आणि एका सकाळी मामांनी जाळीच्या पेटीचं झाकण उघडलं, तर धाकटी उडी मारून बाहेर आली आणि मोठी आली नाही. ती पुढच्या दोन पायांवर सरपटत काठापर्यंत आली. मागचे पाय तिच्यामागून ओल्या फडक्यासारखे ओढले जात होते. काठाशी येऊन ती थांबली आणि मामांकडे बघत बसली.

मामांची भीती नेहमी रागाच्या वाटेनंच बाहेर पडायची. कुणीतरी हिला दारात चेंगरलंय! कुणी? काल दुपारी दाराशी कोण उभं होतं? चौथ्या मजल्यावरच्या बाई, मामींशी बोलत! खटला उभा राहून निकाल लागायला जिन्याची पहिली पायरी पुरली.

"बाई! एक मारलंत, आता दुसरीला लंगडी केलंत!"

या वेळी दार बंद झालं नाही. बाई कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. "मी तुमच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

"मग काय भुतानं केलं?"

"भुताला विचारा." मग दार बंद झालं.

मामी मोठीला ओंजळीत घेऊन केव्हाच दवाखान्याच्या वाटेला लागल्या होत्या. मामा मागून धावत, वही काखेत मारून, आरोपपत्र तोंडपाठ करत.

डॉक्टरीणबाईनं एक्स-रे काढला आणि उजेडावर धरला. "यात हाडं दिसतायत तुम्हाला?"

"नाही," मामा म्हणाले.

"मलाही धड दिसत नाहीयेत. हाच आजार आहे."

"म्हणजे? चेंगरलंय ना कुणीतरी?"

"कुणीही चेंगरलेलं नाही. हाडं मऊ पडलीयत. त्यातलं कॅल्शियम संपलंय, आपल्याच वजनानं कंबर वाकलीय. मामा, हिची उपासमार झालीय."

"उपासमार!" दवाखान्यातली तीन कुत्री एकदम भुंकायला लागली, एवढा मोठा आवाज होता तो. "माझ्या घरात? चौऱ्याऐंशी ग्रॅम आहे ती! ही घ्या वही! दाणे सुरू केल्यापासून एक तरी दिवस वजन कमी भरलंय का बघा! बदाम खाते ती, बदाम! मी स्वतः खात नाही!"

"पाला?"

"पाल्यानं वजन वाढत नाही."

"दूध?"

"दुधापेक्षा दाण्यानं—"

"ऊन?"

मामा थांबले. जिन्याखालच्या खोलीत ऊन कुठलं?

बोलल्या त्या मामी, ओंजळीतल्या खारीवरची नजर न काढता. "अहो," त्या म्हणाल्या, "लाखेच्या बांगड्या."

आता या लाखेच्या बांगड्यांची गोष्ट अशी. पुष्कळ वर्षांपूर्वी एक गृहस्थ बांगड्यांची जोडी घेऊन आले होते. तोरा असा, की काट्यावर त्यांनी स्वतःच ठेवल्या. "बघा वजन!" वजन होतंच. मामांनी बांगडीच्या आतल्या कडेला सुई लावली, एक भोक पाडलं, आणि आतून काळी लाख बाहेर आली. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत ठासून लाख. मग मामांनी त्या गृहस्थांना तासभर उभं करून ठेवलं. "वजन कसलं दाखवता मला? वजन दगडालाही असतं! आत काय आहे ते विचारा! नुसतं वजन बघून भुलतो त्याला कारागीर म्हणत नाहीत, हमाल म्हणतात!" हे भाषण मामींना पाठ होतं. गेली वीसएक वर्षं मामा प्रत्येक समारंभात, प्रत्येक पाहुण्यापुढे, ते साभिनय करून दाखवत आले होते.

मामांचं तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही. अडतीस वर्षांच्या संसारात मामींनी हे पहिल्यांदाच पाहिलं. वही त्यांनी हळूच मिटली आणि सदऱ्याच्या आत सरकवली, कुणी बघू नये अशी.

"बरी होईल?" त्यांनी विचारलं, तेही अशा आवाजात की डॉक्टरीणबाईनं वर बघितलं.

"सांगता येत नाही. दीड महिना लागेल. कॅल्शियमचे थेंब, दूध पुन्हा सुरू, पाला, भाज्या. दाणा एकही नाही. लहान बुटक्या पेटीत ठेवायची, चढायचं-उड्या मारायचं बंद, नाहीतर मऊ हाड मोडेल. धाकटीलाही हेच खाणं, तिचीही सुरुवात झालीच असणार. आणि रोज सकाळी ऊन. अर्धी पेटी उन्हात, अर्धी सावलीत. काचेआडचं ऊन चालणार नाही." मग एक्स-रे खाली ठेवून म्हणाली, "पाय आले तर ती खार. नाही आले, तर जन्मभर तुमच्या पेटीत."

ऊन! आता ऊन आणायचं कुठून? मामांचं घर पहिल्या मजल्यावर, मागच्या अंगाला. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. गच्चीला कुलूप, किल्ली इमारतीच्या कमिटीकडे, आणि कमिटीशी मामांचं पाण्याच्या टाकीवरून सात वर्षांचं भांडण. दोन दिवस ते पेटी घेऊन रस्त्यावर उभे राहिले. पहिल्या दिवशी एक मांजर येऊन बसलं, दुसऱ्या दिवशी तीन. मामा मांजरांवर ओरडले, मोठी भेदरून पेटीच्या कोपऱ्यात आपटली, आणि ओरडणं बंद करावं लागलं. ऊन चोख, मोकळं, सकाळी सातपासून साडेनवापर्यंत, साऱ्या इमारतीत एकाच ठिकाणी पडत होतं. चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या गॅलरीत.

तिसऱ्या दिवशी मामा पेटी छातीशी धरून जिना चढले. वाटेत दोनदा थांबले. ते काही दम लागला म्हणून नव्हे. दार वाजवलं.

बाईंनी दार उघडलं. पेटीकडे बघितलं, मामांकडे बघितलं. "काय?"

"ऊन."

"काय ऊन?"

"तुमच्या गॅलरीत येतं."

"येतं. मग? त्याचीही तक्रार आहे का?"

मामांनी घसा खाकरला. "डॉक्टरीण म्हणाली, हिला ऊन हवं. हाडं मऊ पडलीयत."

"म्हणजे पाय मी नाही मोडले."

"नाही."

"मग कुणी?"

मामा पेटीकडे बघून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी चारही मजल्यांना ऐकू गेलं होतं. आता माझ्या एकटीच्या कानात सांगून कसं चालेल?"

"मी!"

"मी काय? पूर्ण वाक्य."

मामांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. खालच्या मजल्यावर एक दार किलकिलं झालं. पेटीत मोठीनं पुढच्या पायांनी जाळी धरली आणि मागचं अंग ओढत उजेडाच्या बाजूला सरकली. मामांनी ते पाहिलं आणि छाती भरून घेतली.

"मी दाणे घालून घालून हिची हाडं मऊ केली! बाईंनी काही केलं नाही! ऐकलं का सगळ्यांनी?"

"ऐकलं," खालून कुणीतरी म्हणालं.

मामांना वाटलं, झालं. पण बाई दारातून हलल्या नाहीत. त्यांचा आवाज आता बदलला होता. "आणि ते लहान पिलू?"

"ते तर तुम्हीच—"

"हो. मीच. उताणं धरलं मी, मला माहीत नव्हतं. ते नाकातलं दूध मला रोज दिसतं, भांडी घासताना दिसतं. तुम्ही ओरडायच्या आधीपासून दिसत होतं. पण मामा, ते गार का पडलं होतं हो? तीन पिलं उघड्या फरशीवर पडली होती आणि तुम्ही मुकादमाच्या सात पिढ्या मोजत होतात! अर्धा तास! मी वरून बघत होते. वाटलं, आता उचलतील, आता उचलतील. शेवटी माझे हे असले गुडघे घेऊन चार मजले उतरून आले. तुम्हाला कळतं सगळं, तुमचा हात हलका, तुमचा काटा बारीक. मग तेव्हा तुम्ही का नाही हो वाकलात खाली?"

उत्तर नसलं की मामा आवाज चढवत, पण हातात पेटी होती. ते पेटीवर वाकून उभे राहिले.

बाईंनी पदरानं चष्मा पुसला. "या आत. चपला बाहेर. आणि गॅलरीत तंबाखू मळायची नाही."

"मी तंबाखू खातच नाही!"

"मग सोपं जाईल."

असा दीड महिना सुरू झाला. रोज सकाळी सातला मामा वर. अर्धी पेटी उन्हात, अर्धी सावलीत. धाकटीची पेटी शेजारी. बाई पाला निवडून ठेवायच्या. मामा तो पुन्हा निवडायचे. बाई म्हणायच्या, "माझा निवडलेला पाला काय वाईट आहे?" मामा म्हणायचे, "वाईट नाही, देठ आहेत." एकदा बाईंनी दया येऊन मोठीला बिस्किटाचा तुकडा दिला, तर मामांनी तो तिच्या तोंडातून काढून घेतला आणि बाईंना अर्धा तास सुनावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "आणि बदाम?" मामा पाला निवडू लागले.

कॅल्शियमचे थेंब मामा भरायचे. मोठीला धरून ठेवायच्या बाई, पालथं, डोकं जरा वर. पहिल्या दिवशी बाई मध्येच नको म्हणाल्या आणि मोठीला परत द्यायला लागल्या. मामांनी फक्त त्यांचा अंगठा एका बोटानं जरा खाली सरकवला आणि म्हणाले, "असं. आता नाही जायचं नाकात." त्यानंतर बाईच धरायच्या.

धाकटी तिसऱ्या आठवड्यातच ठणठणीत झाली. मोठी मात्र तशीच. चौथा आठवडा संपला तरी मागचे पाय मेलेलेच. मामांना आता राग काढायला जागा उरली नव्हती. मुकादमावर काढून झाला होता, बाईंवर काढता येत नव्हता, डॉक्टरीणबाईवर काढावा तर तिनं आधीच सगळं सांगितलं होतं. ते उन्हावर चिडायचे. "हे बघा! ढग! कशाला आलाय हा आता? दिवसभर काय करत होता?"

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मामा तिच्या तळपायाला बोट लावून बसले होते. रोज बसायचे तसेच. आणि त्या चार-पाच सुतासारख्या बोटांनी त्यांचं बोट धरलं. घट्ट नाही, पण धरलं. मामा हलले नाहीत. बाईंनी चहा आणला तर त्यांनी डोळ्यांनीच तो खाली ठेवायला सांगितलं. चहा गार झाला. मामा अर्धा तास तसेच बसून होते आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी कुणालाही काही बोल लावला नाही.

सातव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईनं नवा एक्स-रे उजेडावर धरला. या वेळी हाडं दिसली. डावा पाय जरा बाहेर वळलेलाच राहणार होता. "पेटी उघडून बघा," ती म्हणाली. "जमलं तर स्वतःच चढेल. ढकलायचं नाही."

दुसऱ्या सकाळी मामा, मामी आणि बाई तिघंही गॅलरीत. गॅलरीला मामांनी आदल्या दिवशीच जाळी मारली होती. खिळे ठोकताना शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि मामांनी त्यांना योग्य ते उत्तर दिलं. पेटीचं झाकण निघालं. मोठी बाहेर आली. चार पायांवर, डावा जरा फाकलेला, फरशीवरून घसरत चार पावलं गेली. थांबली. मामांकडे बघितलं नाही. समोर गॅलरीच्या दाराला बाईंचा पडदा होता, कोरा, फिक्या निळ्या रंगाचा, परवाच शिवून आणलेला. मोठीनं पडद्याचा वास घेतला, आणि चढली.

"अहो! माझा पडदा!" बाई उठल्या. "नखं बघा तिची, धागे निघाले सगळे! मामा, पकडा तिला!"

"हात लावू नका!" मामा गरजले. "पडदा मी आणून देतो, दहा आणून देतो! गप्प बसा आणि वर बघा!"

"मला गप्प बस म्हणता? माझ्या घरात?"

"तुमच्या घरात! बाई, पाय बघा! मागचे बघा, मागचे!"

मोठी निम्म्यावर जाऊन अडकली. पुढचा एक पाय सुटला. मामींनी डोळे मिटून घेतले. पण मागची दहाही नखं पडद्यात रुतलेली होती, आणि त्या दोन पायांवर तिनं सगळं अंग तोलून धरलं, पुढचा पाय पुन्हा वर टाकला, आणि पडद्याचा एक लांब धागा खाली सोडत ती सरसर दांडीपर्यंत गेली. तिथं बसून तिनं तोंड धुतलं, आणि खाली उभ्या असलेल्या तिघांवर चिर्र चिर्र चिर्र करून अशी काही कडाडली, की मामा खुर्चीतच बसले.

"ऐकलंत?" ते बाईंना म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "आपल्याला शिव्या देतेय ती. सगळ्यांना देतेय. द्यायलाच पाहिजेत!"